शरीराची राखण आणि शरीराची आठवण

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेले व्याख्यान)



आयोजकांनी मला 'रोगप्रतिकारशक्ती' हा विषय दिला आहे. प्रथमच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांतून तीस वर्षे विज्ञान शिकवलेला मी एक मास्तर आहे. तेव्हा व्याख्यान संपल्यावर कोणी मला नाडी दाखवायला येऊ नये. फळ्यावर शिकवावे तसे, जेवढे मला नीट कळले आहे तेवढेच मी सांगणार आहे.

सुरुवातीला एक छोटे काम करू या. वडीलधाऱ्या मंडळींनी आपल्या बाह्या वर करून हात पाहावा. अनेकांच्या दंडावर किंवा कोपराच्या खाली रुपयाएवढी गोल, खोलगट खूण दिसेल. ती देवीच्या लसीची खूण आहे. आता विद्यार्थ्यांनी आपला डावा दंड पाहावा. तुमच्या दंडावर लहानशी खूण असेल. ती क्षयरोगाच्या म्हणजे बी.सी.जी. लसीची आहे. साधारण १९८० नंतर जन्मलेल्या कोणाच्याही हातावर देवीची खूण सापडणार नाही. कारण तो रोगच पृथ्वीवर उरला नाही. एकाच घरात आजोबांच्या हातावर एक खूण आणि नातवाच्या हातावर दुसरी खूण! आजचे माझे सगळे व्याख्यान या दोन खुणांमध्ये सामावलेले आहे.

पण या विषयाशी माझे नाते पुस्तकापुरते नाही. ते एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे आहे. १९८३-८४ ची गोष्ट. गोदावरीकाठच्या एका गावात मी सातवीला शिकवत होतो. वर्गातली एक हुशार मुलगी आठवडाभर आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की तिच्या दोन वर्षांच्या भावाला गोवर निघाला होता. घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला होता, घरात फोडणी बंद होती आणि आजी म्हणत होती, "बाया आल्यात अंगात, औषीद द्यायचं न्हाई." आठ-दहा दिवसांत गोवर उतरला. मुलगी शाळेत येऊ लागली. दोन महिन्यांनी ती पुन्हा दिसेना. या वेळी भावाला जुलाब लागले होते आणि तीन दिवसांत ते लेकरू गेले. पुढे एके दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्याजवळ आली आणि तिने विचारले, "सर, गोवर तर बरा झाला होता. मग तो गेला कशानं?"

मला उत्तर देता आले नाही. 'अशक्तपणा आला असेल' असे काहीतरी मी पुटपुटलो. तो प्रश्न माझ्याबरोबर निवृत्तीपर्यंत आला. त्याचे उत्तर कळायला शास्त्रज्ञांनाही नंतर तीस-पस्तीस वर्षे लागली. आज मी ते उत्तर देण्यासाठीच उभा आहे. पण त्यासाठी आधी थोडा पाठ शिकावा लागेल.

आपले शरीर म्हणजे पीक भरात आलेले ज्वारीचे शेत आहे असे समजा. शेत म्हटले की चोर आले, ढोरे आली, पाखरे आली. शेतकरी काय करतो? आधी कुंपण घालतो. मग जागल्या ठेवतो. शरीराचीही व्यवस्था अशीच आहे.

पहिले कुंपण आपली त्वचा. अखंड कातडीतून बहुतेक जंतू आत येऊ शकत नाहीत. म्हणून तर खरचटले, भाजले, पायात काटा रुतला की आपण जपतो. जिथे कातडी नाही तिथे दुसरी सोय आहे. डोळ्यांतल्या अश्रूंमध्ये आणि तोंडातल्या लाळेमध्ये जंतूंचे कवच फोडणारे एक द्रव्य असते. नाकातला आणि श्वासनळीतला चिकट शेंबूड धुळीबरोबर जंतूंनाही पकडतो आणि बारीक केसांसारखे तंतू त्याला वर ढकलत राहतात. जठरात तीव्र आम्ल असते, त्यात गिळलेले अनेक जंतू मरतात. बिडी-सिगारेट ओढणारा मनुष्य श्वासनळीतल्या त्या तंतूंना लुळे करतो, म्हणजे आपल्याच शेताचे कुंपण आपल्या हाताने उपटतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

कुंपण तुटले तर? तर जागल्या धावून येतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे आपले जागले. त्यांतील काही पेशी जंतूंना चक्क गिळून टाकतात. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. इल्या मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली समुद्रातल्या ताऱ्याच्या आकाराच्या एका पारदर्शक प्राण्याच्या पिल्लांना काटे टोचून पाहिले. त्या काट्याभोवती पेशींचा घेराव पडलेला त्याला दिसला. पुढे १९०८ साली त्याला याच कामासाठी पॉल एर्लिक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या पायात बाभळीचा काटा मोडतो तेव्हा नेमके हेच घडते. जागा लाल होते, कारण तिथे रक्त जास्त येते. सूज येते, कारण रक्तवाहिन्यांतून द्रव आणि पेशी बाहेर पडतात. ठणका लागतो, ताप येतो. आणि जो पू निघतो त्यात मोठ्या प्रमाणावर लढता लढता मेलेल्या पांढऱ्या पेशीच असतात. पुवाची आपल्याला किळस येते, पण तो आपल्यासाठी मेलेल्या शिपायांचा ढीग आहे.

हे जागले शूर आहेत, पण त्यांची एक मर्यादा आहे. चोर दिसला की मारणे त्यांना ठाऊक. हा कोणता चोर, मागच्या वर्षी आला होता तोच का, हे सांभाळून ठेवणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. ते काम करणारी दुसरी फळी आहे. त्या पेशींना लिम्फोसाइट म्हणतात. त्यांचे मुख्य दोन प्रकार आहेत : बी-पेशी आणि टी-पेशी.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना एक शब्द ठाऊक असतो : अवधाण. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, हाताला झाली की काखेत येते. आपण म्हणतो, 'अवधाण आलंय.' ही गाठ म्हणजे नवा रोग नव्हे. जांघेत, काखेत, मानेत आपल्या लसिका गाठी असतात. जखमेतले जंतू आणि त्यांचे तुकडे तिथे आणले जातात. तिथे बी-पेशी आणि टी-पेशी जमलेल्या असतात, जशी गावच्या चावडीवर माणसे जमावीत. तिथे ओळखपरेड होते. ज्या पेशीला तो जंतू ओळखता येतो, ती वाढू लागते : एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. त्या गर्दीने गाठ फुगते. तेच अवधाण!

आता विद्यार्थी विचारतील, जो जंतू शरीराने कधी पाहिलाच नाही, तो ओळखायचा कसा? हा खरोखर मोठा प्रश्न होता. उत्तर असे आहे की शरीर शत्रू येण्याची वाट पाहत नाही. ते आधीच असंख्य वेगवेगळ्या आकारांची ओळख असलेल्या पेशी तयार करून ठेवते. प्रत्येक पेशी एकच आकार ओळखते. एवढी विविधता येते कुठून? बाराखडीतली अक्षरे मोजकीच असतात, पण त्यांची जुळवाजुळव करून आपण लाखो शब्द लिहितो. त्याप्रमाणे मोजक्या जनुकांच्या तुकड्यांची जुळवाजुळव करून शरीर कोट्यवधी ओळखी निर्माण करते. जपानचे शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी हे दाखवून दिले आणि त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

योग्य बी-पेशी सापडली की तिच्यापासून झालेल्या काही पेशी कारखानाच उघडतात. त्या प्रतिपिंडे, म्हणजे कोरोनाच्या काळात ज्यांचे नाव सर्वांच्या तोंडी झाले त्या अँटिबॉडी, तयार करतात. अशी एक पेशी सेकंदाला दोन हजारांच्या आसपास प्रतिपिंडे बाहेर टाकू शकते. ही प्रतिपिंडे जंतूंना चिकटतात, त्यांना पेशींत शिरू देत नाहीत आणि भक्षक पेशींना जणू बोट दाखवून सांगतात, 'हा बघ चोर.' आणि जे विषाणू आमच्याच पेशीत लपून बसले, त्यांचे काय? तिथे काही टी-पेशी कामाला येतात. त्या बाधित पेशीच नष्ट करतात. दुसऱ्या टी-पेशी सगळ्या फौजेला हुकूम देणाऱ्या असतात. एड्सचा विषाणू नेमक्या या हुकूम देणाऱ्या टी-पेशींवरच घाला घालतो. म्हणून उपचार न घेतलेला रुग्ण अखेर एरवी किरकोळ असलेल्या संसर्गांनाही बळी पडतो. योग्य औषधे नियमित घेतली तर तो दीर्घ आयुष्य जगू शकतो, हेही इथेच सांगितले पाहिजे.

या सगळ्या तयारीला पहिल्या खेपेस आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात जोरकस रोग माणसाला आडवा करतो, कधी मारतोही. पण माणूस वाचला तर एक अमोल गोष्ट मागे राहते. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरून जातात, पण काही पेशी टिकतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या इतक्या लवकर आणि इतक्या जोराने उठतात की पुष्कळदा माणसाला जंतू येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही. ही आठवण किती टिकते? १९१८ साली जगभर आणि आपल्या देशातही इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली होती. त्या काळात लहान असलेल्या आणि पुढे नव्वदी ओलांडलेल्या माणसांचे रक्त तपासून २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवले की नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे होती. माणूस स्वतःच्या लग्नाची तारीख विसरेल, पण शरीर विसरले नव्हते!

सगळ्या रोगांची आठवण इतकी पक्की नसते. सर्दी दरवर्षी होते, कारण तिचे विषाणू अनेक आहेत आणि रूपही बदलतात. धनुर्वाताची आठवण तर रोग होऊन गेल्यावरही भरवशाची राहत नाही, म्हणून त्याची लस पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. पण देवीचा रोग एकदा होऊन गेलेल्या माणसाला सहसा पुन्हा होत नसे, हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. तोंडावर वण असलेली बाई देवीच्या रोग्याजवळ निर्धास्त बसत असे. माझी आई त्यांपैकीच एक. तिचा चेहरा वणांनी भरलेला होता. निजामाच्या राज्यात तिच्या लहानपणी गावात देवी आल्या तेव्हा तिची धाकटी बहीण गेली आणि ती राहिली. लोक म्हणत, देवीने हिला ठेवले. मी विज्ञान शिकलो तेव्हा मला कळले की तिला तिच्या शरीराने ठेवले होते.

मग प्रश्न असा की, रोगाची किंमत न मोजता ती आठवण शरीराला देता येईल का? हो, येते. त्यालाच लस म्हणतात. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गाईच्या देवीचा द्रव एका मुलाला टोचून हे दाखवले. गाईच्या देवीचा विषाणू माणसाच्या देवीच्या विषाणूसारखाच दिसतो, पण सौम्य असतो. शरीर सौम्य चोराचा चेहरा लक्षात ठेवते आणि त्याच चेहऱ्यावरून त्याच्या जहाल भावाला ओळखते. ही लस आपल्या देशात प्रथम मुंबईत दिली गेली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. तिच्यापासून पुढे इतरांना, असा तो प्रवास सुरू झाला. तेथून देवीचे निर्मूलन व्हायला पावणेदोनशे वर्षे लागली. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. ज्या रोगाला आपण देवी मानून नवस बोललो, कोंबडे कापले, तो नवसाने गेला नाही. तो खेड्यापाड्यांतून पायी फिरलेल्या लस टोचणाऱ्यांच्या सुईने गेला.

आपल्या महाराष्ट्राची आणखी एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. प्लेगात जांघेत, काखेत गाठी येत. मघाशी सांगितलेल्या त्याच लसिका गाठी! प्लेगचे जंतू तिथे पोहोचत आणि फौजेला तिच्या चावडीतच गाठत. ओडेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन त्या वेळी मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा झाली. संरक्षण पूर्ण नव्हते, पण लस घेतलेल्यांत रोग आणि मृत्यू कमी झाले. त्यांची ती प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला गेली आणि १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली.

आता दुसरी तारीख ऐका. पुण्यात प्लेग पसरला तेव्हा क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यासाठी रोगी गोळा करीत होत्या. मुंढव्याजवळच्या महारवाड्यातील गायकवाड कुटुंबातल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हाफकिनने सुई टोचून घेतली त्या दिवसापासून मोजा : बरोबर दोन महिने. मुंबईत लस जन्मली होती, पण मुंबई ते पुणे हे अंतर ती वेळेवर कापू शकली नाही. मित्रहो, लस शोधली जाणे ही अर्धीच गोष्ट आहे. ती शेवटच्या घरापर्यंत पोहोचणे ही उरलेली अर्धी. ती अर्धी गोष्ट शास्त्रज्ञांच्या नव्हे, तुमच्या-माझ्या हातात असते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. गोवर बरा झाला, मग लेकरू गेले कशाने?

गोवर झाल्यावर काही आठवडे मुलाची प्रतिकारशक्ती मंदावते हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण अलीकडच्या संशोधनाने त्याहून भयंकर गोष्ट दाखवली. गोवराचा विषाणू शरीरात शिरला की तो नेमक्या स्मृतिपेशींमध्ये घर करतो आणि त्या नष्ट होतात. २०१९ साली नेदरलँड्समधल्या, लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या गोवराआधीच्या आणि गोवरानंतरच्या रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली. इतर रोगांविरुद्ध त्या मुलांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती! म्हणजे गोवर नुसता घरफोडी करून जात नाही, तो जागल्याची वहीच जाळून जातो. मूल पुरळातून बरे झालेले दिसते, पण जुलाबाचे, न्यूमोनियाचे जे जंतू त्याला पूर्वी ओळखता येत होते ते आता अनोळखी झालेले असतात. ती ओळख पुन्हा कमवायला महिने, कधी दोन-तीन वर्षे लागतात. त्या एका लेकराच्या बाबतीत काय झाले हे आज कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण आज ती मुलगी समोर आली तर मी तिला एवढे सांगेन की, "बाई, पुरळ गेला होता, गोवर गेला नव्हता. त्याने तुझ्या भावाच्या शरीराची आठवण पुसली होती."

आणि त्या आजीला मी दोष देणार नाही. त्या वर्षी गोवराची लस सरकारी लसीकरणात नव्हतीच. ती १९८५ नंतर टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत आली. त्या म्हातारीजवळ कडुनिंबाशिवाय दुसरे काही नव्हते. आपल्याजवळ मात्र आहे, आणि तरी आपण चुकलो तर दोष आपलाच.

आपण चुकतो का? चुकतो. कोरोनाच्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरात, तसेच मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ आली. मुंबईत लहान मुले दगावली. गोवंडी आपल्याला परकी नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यातून पोट भरायला गेलेली आपली कितीतरी माणसे चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या वस्त्यांत राहतात. आणि इकडे आपल्या गंगाखेड, पालम, जिंतूर भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पाहा. बाळाचा पहिला डोस गावात होतो, दुसऱ्याच्या वेळी ते फडावर असते. कार्ड पत्र्याच्या पेटीत गावीच राहते. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो.

नऊ महिनेच का, असे मला अनेक आया विचारतात. त्याचे उत्तर फार सुंदर आहे. बाळ पोटात असताना आई वारेतून आपली तयार प्रतिपिंडे बाळाला देते. लेक सासरी निघाली की आई शिदोरी बांधून देते ना, तशी ही शिदोरी आहे. जन्मानंतर अंगावरच्या दुधातून, विशेषतः पहिल्या चिकातून, आणखी संरक्षण मिळते. म्हणून चीक पिळून टाकणे ही मोठी चूक आहे. गरोदर बाईला धनुर्वाताची लस देतात तीही यासाठीच की नाळ कापताना बाळाला धनुर्वात होऊ नये. पण शिदोरी ती शिदोरी, ती संपते. आईची प्रतिपिंडे रक्तात भरपूर असतात तोवर गोवराची लस नीट रुजत नाही. ती सरल्यावर उशीर केला तर बाळ उघडे पडते. नऊ महिने हा या दोन्हींमधला मुहूर्त आहे. मला ठाऊक असलेला हा एकच खरा मुहूर्त!

आता 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' वस्तूंबद्दल. कोरोनानंतर हा शब्द घराघरांत गेला आणि त्याच्या नावाने चूर्णे, काढे, गोळ्या विकल्या गेल्या. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी नाही की बादलीभर ओतली आणि वाढली. ती जास्त झाली तरी वाईटच. तीच फौज आपल्या माणसांवर उलटली तर आमवाताचा एक प्रकार होतो, लहान वयातला मधुमेह होतो; क्षुल्लक परागकणांवर धावून गेली तर दमा आणि अ‍ॅलर्जी होते. तिला वाढवायचे नसते, तिला धड ठेवायचे असते. त्यासाठी पुरेसे अन्न, झोप, स्वच्छ पाणी आणि वेळेवर लस लागते. अन्नाचे महत्त्व मी नुसते म्हणायचे म्हणून सांगत नाही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना सहा महिने जादा शिधा देऊन अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. महागडे चूर्ण नव्हे, धान्य आणि डाळ! प्रतिपिंडे ही प्रथिनेच असतात. ताटात डाळ, शेंगदाणे, अंडी नसतील तर फौजेने बंदुका कशाच्या बनवायच्या?

शेवटचा मुद्दा. गोवर इतका सांसर्गिक आहे की ज्यांना संरक्षण नाही अशा लोकांत एक रोगी बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. म्हणून साथ रोखायला शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव जणांना संरक्षण असावे लागते. उरलेले पाच कोण? ज्याचे नऊ महिने अजून भरले नाहीत ते तान्हे, कर्करोगाचे औषध चालू असलेला मुलगा. त्यांना ही लस देता येत नाही. त्यांच्याभोवती आपण उभे राहिलो तरच रोग त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. एकाच्या दंडावरची सुई दुसऱ्याच्या लेकराची राखण करते. शेजारधर्म याहून वेगळा काय असतो?

म्हणून माझी तुम्हाला हात जोडून एकच विनंती आहे. विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आपल्या घरातल्या आणि शेजारच्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक बाळाचे लसीकरणाचे कार्ड पाहा. त्यात गोवर-रुबेलाचे दोन्ही रकाने भरलेले आहेत का ते तपासा. रिकामा असेल तर आशाताईंना सांगा. राहून गेलेला डोस पाच वर्षांपर्यंत घेता येतो, आणि तो कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत मिळतो. फडावर निघालेल्या कुटुंबाला पेटी भरताना भाकरीच्या पिठाबरोबर ते कार्ड ठेवायला सांगा. संस्थेच्या सभासदांनी अशा मुलांची एक यादी करावी. एका वहीत मावेल एवढीच यादी होईल, पण शरीराच्या आठवणीला आपण दिलेली ती जोड असेल.

चाळीस वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी आज दिले आहे. तोच प्रश्न पुन्हा कोणा मुलीला कोणत्याही मास्तराला विचारावा लागू नये, एवढे आपण सर्वांनी मिळून केले तर माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.